ऊस बिलासाठी स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा, आणि तिचा कंपायलर बरोबर असल्याचा पुरावा: लीन ४ मध्ये पहिल्यापासून

स्वतःची प्रोग्रामिंग भाषा बनवायची म्हटलं की बहुतेक जण आधी सिंटॅक्स ठरवायला बसतात, कंस कुठले, सेमीकोलन पाहिजे का नको, मग पार्सर (लिहिलेला मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) लिहितात आणि त्यातच सगळा उत्साह संपतो, आणि एवढं करूनही भाषेतल्या एका ओळीचा नेमका अर्थ काय हे कुठंच लिहिलेलं नसतं. फॉर्मल व्हेरिफिकेशन करायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी अर्थ, मग कंपायलर (प्रोग्रामचं मशीनच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्राम), मग पुरावा, आणि सिंटॅक्स सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरण घेतलंय ऊस बिलाचं. सांगली, इस्लामपूर, कराड या पट्ट्यात राहणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, घरात बिल आलं की कुणीतरी कागद-पेन घेऊन बसतंच. आणि यातला दर सरकारी सूत्राने ठरतो, त्यामुळं "बरोबर" म्हणजे काय हे आपल्या मनावर राहत नाही, ते बाहेरून पक्कं होऊन येतं. व्हेरिफिकेशन शिकायला असा विषय मिळणं भाग्याचं. वालचंद किंवा इथल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजात फायनल इयरला असाल आणि प्रोजेक्ट शोधत असाल तर हे खरंच मनावर घ्या, अजून एक हजेरीचं ॲप बनवण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त शिकायला मिळेल.

व्हेरिफाइड म्हणजे नक्की काय

टेस्टिंगमध्ये आपण काही इनपुट देऊन उत्तर तपासतो. पुराव्यात "कुठलंही इनपुट दिलं तरी" असं विधान मांडतो आणि ते गणितासारखं सिद्ध करतो, फक्त तपासणारा माणूस नसतो, मशीन असतं. कंपायलरच्या बाबतीत मूळ विधान एकच: प्रोग्रामचा जो अर्थ भाषेने ठरवलाय तोच अर्थ कंपाइल होऊन आलेल्या कोडचा आहे.

कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी आणि जेम्स पेंटर यांनी १९६७ साली साध्या बेरजेच्या एक्स्प्रेशनचा कंपायलर बरोबर असल्याचा पुरावा कागदावर दिला होता, आपण खाली जे करणार ते त्याच जातीचं आहे. मोठं उदाहरण म्हणजे कॉम्पसर्ट, फ्रान्सच्या इन्रियामध्ये झेवियर लेरॉय आणि त्यांच्या टीमने कॉक या प्रूफ असिस्टंटमध्ये (पुरावा तपासणारं सॉफ्टवेअर, आता त्याचं नाव रॉक झालंय) केलेला सी भाषेचा कंपायलर. २०११ मध्ये युटा विद्यापीठाच्या लोकांनी सीस्मिथ नावाच्या टूलने रँडम सी प्रोग्राम तयार करून बरेच कंपायलर झोडपून काढले, त्यात जीसीसी आणि एलएलव्हीएमसारख्या नावाजलेल्या कंपायलरसकट सगळ्यांत मिळून ३२५ च्या वर बग सापडले, पण कॉम्पसर्टच्या व्हेरिफाय केलेल्या मधल्या भागात चुकीचं कोड तयार करणारा एकही सापडला नाही. सुरुवातीला सापडले ते पुराव्याच्या बाहेर राहिलेल्या भागात होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं पार्सरपाशी उपयोगी पडणारे.

पायरी १: भाषा जेवढी लहान करता येईल तेवढी करा

आपल्या भाषेला मोळी म्हणू. तिच्यात आकडे, बेरीज, वजाबाकी, दोनातलं मोठं घ्यायचं, आकड्याने किंवा दराने गुणायचं, एवढंच. लूप नाही, फंक्शन नाही, रिकर्शन नाही. लूप नसल्यामुळं प्रत्येक प्रोग्राम थांबतोच, आणि प्रोग्राम कधीच थांबला नाही तर त्याचा अर्थ काय धरायचा ही मोठी डोकेदुखी पहिल्याच दिवशी जाते. बिल काढायला लूप लागतो असं वाटत असेल तर खेपांची यादी घेऊन त्यावर एकच सूत्र लावणारी एक तयार क्रिया नंतर वाढवता येते.

लहान ठेवा असं मी इतक्या आग्रहाने सांगतोय कारण पुरावा कोडपेक्षा खूप मोठा होतो. एसईएल४ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलचा (गाभ्याचा) पुरावा २००९ मध्ये पूर्ण झाला, त्यात सीचं कोड साधारण ८,७०० ओळींचं आणि पुरावा सुमारे २,००,००० ओळींचा. आपल्या भाषेत गुणोत्तर एवढं वाईट नसतं, पण वाढवलेल्या प्रत्येक फीचरची किंमत पुराव्यात मोजावी लागते हे खरं.

पायरी २: अर्थ कागदावर लिहा, कोडला हात न लावता

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक हीच गाळतात. आपलं सूत्र घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी (उसाचा किमान दर) अशी: १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त, खाली आला तर त्याच हिशोबाने कमी. पण ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी आणखी कपात नाही, तिथं दर ३२९.०५ रुपयांवर थांबतो.

वाचायला सोपं आहे, पण कोड करायला बसलात की पहिलाच प्रश्न: उतारा १०.३१ असेल तर काय? ०.१ चे टप्पे पूर्ण झाले तरच वाढ द्यायची, का ०.०६ ची पण प्रमाणात द्यायची? याचं उत्तर सरकारच्याच आकड्यात आहे. १०.२५ मधून ९.५ गेले की उरतात ०.७५, म्हणजे साडेसात टप्पे. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५, आणि ३५५ वजा २५.९५ बरोबर ३२९.०५. सात टप्पे धरले असते तर ३३०.७८ आले असते, आठ धरले असते तर ३२७.३२. म्हणजे अर्धा टप्पा पण मोजलाय, हिशोब प्रमाणात आहे. नियमाच्या मजकुरातच दिलेला असा एखादा तयार आकडा सापडला तर तो सोन्यासारखा जपून ठेवा, कारण आपण अर्थ बरोबर लावलाय का याची तपासणी फक्त त्यानेच होते.

दुसरा प्रश्न पैशाच्या राउंडिंगचा. हा प्रोग्रामरने स्वतःच्या मनाने ठरवायचा नसतो. आमच्या शेजारी केन अकाउंटला (कारखान्याच्या ऊस हिशोब विभागात) नोकरी केलेले एक काका आहेत, त्यांना मी विचारलं, "काका, हिशोबात अर्धा पैसा आला तर वर धरायचा का सोडून द्यायचा?" ते म्हणाले, "खेपंला धरायचा का पंधरवड्याच्या बिलाला, ते आधी सांग." हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हताच, आणि अशा एका प्रश्नाने स्पेसिफिकेशनमध्ये एक नवीन ओळ येते. तुम्ही पण ज्या विषयाची भाषा करताय त्यात आयुष्य घालवलेल्या माणसासमोर जाऊन बसा, लॅपटॉप न उघडता.

आपण ठरवू: प्रत्येक खेपेला राउंड करायचं, बरोबर अर्धा आला तर वर.

पायरी ३: एकक असं निवडा की अपूर्णांक राहूच नये

पैशाच्या हिशोबात फ्लोट (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, ०.१ अधिक ०.२ केलं तर कॉम्प्युटरच्या फ्लोटमध्ये ०.३ येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण नुसतं "पैशात ठेवा" एवढंही पुरत नाही. क्विंटलला ०.०१ टक्क्यामागं ३४.६ पैसे होतात, परत अपूर्णांक आलाच. तेच टनाला धरलं तर ०.०१ टक्क्याला बरोबर ३४६ पैसे. म्हणून उतारा शंभरपट करून ठेवायचा (१०.२५ म्हणजे १०२५), दर टनाला पैशात, वजन किलोत. सगळं सूत्र पूर्णांकात येतं:

दर = ३५५००० + ३४६ × (मोठा(उतारा, ९५०) − १०२५)

९५० घालून बघा, ३५५००० वजा २५९५० म्हणजे ३२९०५०, टनाला ३,२९० रुपये ५० पैसे. जुळलं.

भागाकार आता एकाच ठिकाणी उरतो, दर गुणिले किलो भागिले १०००, आणि राउंडिंग पण फक्त तिथंच: (दर × किलो + ५००) / १०००. भागाकार एका जागी आणणं हे पुराव्याच्या दृष्टीनं फार मोठं काम असतं, कारण बेरीज-वजाबाकीचे पुरावे मशीन स्वतः करतं, त्रास देतो तो भागाकार.

पायरी ४: टूल बसवा

मी लीन ४ घ्यायला सांगेन, हे पण पुरावे लिहायचं आणि तपासायचं टूल आहे. लिओनार्दो द मौरा यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २०१३ ला लीन सुरू केलं, आणि चौथं व्हर्जन प्रोग्रामिंग भाषा म्हणून पण चांगलं चालतं, म्हणजे कंपायलर आणि त्याचा पुरावा एकाच फाईलमध्ये राहतो. रॉक आणि इझाबेल ही अशीच टूलं पण उत्तम आहेत, डॅफ्नी या आणखी एका टूलमध्ये पुराव्याचं बरंच काम आपोआप होतं, पण पहिल्यांदा शिकताना पुरावा नेमका कुठं अडला हे डोळ्याला दिसलेलं बरं आणि लीनमध्ये ते उजव्या बाजूच्या खिडकीत सतत दिसत राहतं.

व्हीएस कोड टाका, त्यात लीन ४ चं एक्स्टेन्शन टाका, पहिली फाईल उघडली की बाकीचं तेच उतरवून घेतं. लेक नावाच्या टूलने नवीन प्रोजेक्ट करा. मॅथलिब ही मोठी लायब्ररी घेऊ नका, ती काही जीबी जागा खाते आणि या कामाला तिची अजिबात गरज नाही.

खाली कोड मराठी अक्षरांत दिलंय कारण मला रचना दाखवायचीय. टाईप करताना कीवर्ड लीनचेच वापरा.

पायरी ५: झाड आणि एकक

प्रोग्राम म्हणजे एक झाड. आणि या झाडाच्या टाइपमध्येच एकक घालायचं:

एकक := पैसे | किलो | उतारा | दर

झाड : एकक → टाइप
आकडा : पूर्णांक → झाड ए
बेरीज : झाड ए → झाड ए → झाड ए
वजा : झाड ए → झाड ए → झाड ए
मोठा : झाड ए → झाड ए → झाड ए
दरगुणा : पूर्णांक → झाड उतारा → झाड दर
किंमत : झाड दर → झाड किलो → झाड पैसे

बेरजेच्या दोन्ही बाजूला एकच "ए" आहे बघा. त्यामुळं किलोत पैसे मिळवलेत असं झाड तयारच होऊ शकत नाही, लीन ते लिहूच देत नाही. वेगळा टाइप चेकर लिहा, मग तो बरोबर आहे हे सिद्ध करा, हे सगळं वाचतं. इनपुटसाठी (शेतकऱ्याचं वजन, कारखान्याचा उतारा) अजून एक फांदी लागते, ती तुम्ही घालाल, त्यात विशेष काही नाही.

आता अर्थ. हे फंक्शन म्हणजेच आपल्या भाषेची व्याख्या:

अर्थ (आकडा न) = न
अर्थ (बेरीज अ ब) = अर्थ अ + अर्थ ब
अर्थ (वजा अ ब) = अर्थ अ − अर्थ ब
अर्थ (किंमत द क) = (अर्थ द × अर्थ क + ५००) / १०००

बाकीच्या ओळी अशाच. एक खेप घालून बघू: वजन १७,३८५ किलो, उतारा ११.३२. दर ३५५००० + ३४६ × १०७ म्हणजे ३९२०२२, टनाला ३,९२० रुपये २२ पैसे. त्याला १७,३८५ ने गुणून हजाराने भागलं की ६८,१५,३०२.४७ पैसे, राउंड करून ६८,१५३ रुपये २ पैसे. हाच आकडा अर्थ फंक्शनकडून यायला पाहिजे, आणि कागदावर हाताने पण. तोडणी-वाहतूक यातून वजा व्हायची ती पुढची ओळ.

पायरी ६: मशीन आणि कंपायलर

मशीन म्हणजे एक स्टॅक (आकड्यांची चळत, ठेवायचं वर आणि काढायचं पण वरूनच) आणि थोड्या सूचना. "ढकल न" म्हणजे आकडा वर ठेवा, "मिळव" म्हणजे वरचे दोन काढून बेरीज ठेवा, "वजाकर" म्हणजे वरचे दोन काढून वजाबाकी ठेवा, असं. स्टॅकवर दोन आकडे नसतील तर मशीनने "काहीच नाही" असं उत्तर द्यायचं, लीनमध्ये त्याला ऑप्शन टाइप आहे, उत्तर असेल तर "काही" आणि नसेल तर "काहीच नाही". तिथं शून्य वगैरे देऊन वेळ मारून नेऊ नका, चूक लपते.

कंपायलर पण छोटा:

कंपाइल (आकडा न) = [ढकल न]
कंपाइल (वजा अ ब) = कंपाइल अ ++ कंपाइल ब ++ [वजाकर]

++ म्हणजे दोन याद्या जोडणं. आधी डावी बाजू, मग उजवी, मग क्रिया. त्यामुळं मशीन "वजाकर" पर्यंत येतं तेव्हा स्टॅकवर सगळ्यात वर ब असतो आणि त्याच्या खाली अ. वजाबाकी करताना खालच्यातून वरचा वजा करायचा. उलटं झालं तर काय होतं ते पुढं येतंच.

पायरी ७: प्रमेय, आणि पुरावा जिथं हमखास अडतो ती जागा

पहिल्यांदा सगळे हे विधान लिहितात:

चालव (कंपाइल इ) [] = काही [अर्थ इ]

म्हणजे रिकाम्या स्टॅकवर चालवलं की शेवटी स्टॅकवर फक्त उत्तर. विधान खरं आहे, आणि तरीही इंडक्शनने (लहान तुकड्यांसाठी विधान खरं धरून मोठ्यासाठी सिद्ध करायचं, या पद्धतीने) सिद्ध होत नाही. का ते नीट बघा, कारण या एका जागेवर बरेच जण सोडून देतात. वजा अ ब घ्या. इंडक्शनने आपल्याला अ बद्दल आणि ब बद्दल हेच विधान मिळतं, पण ते दोन्ही रिकाम्या स्टॅकबद्दल बोलतात. प्रत्यक्षात ब चालू होतो तेव्हा स्टॅकवर अ चं उत्तर आधीच बसलेलं असतं. शिवाय अ चं कोड संपल्यावर प्रोग्राम संपत नाही, पुढं ब चं कोड आहे आणि मग वजाकर. हातातली माहिती आणि पाहिजे असलेली माहिती जुळतच नाही, लीन खिडकीत जे ध्येय दाखवतं त्यात एक आकडा ठेवलेला स्टॅक दिसतो आणि आपल्या गृहीतकात रिकामा.

उपाय असा की विधान जास्त मोठं करायचं. कुठलाही उरलेला प्रोग्राम प आणि कुठलाही स्टॅक स घेतला तरी

चालव (कंपाइल इ ++ प) स = चालव प (अर्थ इ :: स)

:: म्हणजे स्टॅकच्या वर एक आकडा ठेवणं. म्हणजे कंपाइल केलेला तुकडा चालला की बाकी काहीही न बिघडवता स्टॅकवर एक उत्तर वाढतं, मग पुढचं चालू. जास्त मोठं विधान सिद्ध करायला सोपं जातं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण इंडक्शनमध्ये हे नेहमीचं आहे, कारण विधान मोठं झालं की हातातलं गृहीतक पण तेवढंच मोठं होतं. लीनमध्ये इ वर इंडक्शन करताना प आणि स यांना जनरलायझिंगमध्ये टाका, हे विसरलात तर परत तिथंच अडाल.

आता वजा अ ब ची केस. जोडलेल्या याद्यांचे कंस उजवीकडं सरकवा. अ चं गृहीतक वापरा, उरलेला प्रोग्राम म्हणून "ब चं कोड, वजाकर आणि प" द्या. मग ब चं गृहीतक, स्टॅक म्हणून "अर्थ अ :: स" द्या. उरतो तो वजाकरचा एक टप्पा, तो सिम्प टॅक्टिक (टॅक्टिक म्हणजे लीनला पुराव्याची एक पायरी करायला सांगणारी आज्ञा) उलगडतं आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. बाकी केसेस याच साच्यातल्या आहेत. शेवटी प ला रिकामी यादी आणि स ला रिकामा स्टॅक दिला की मूळ विधान मिळतं, आणि उत्तर "काही" आहे म्हटल्यावर स्टॅक कधीच कमी पडत नाही हे वेगळं न सांगता सिद्ध होऊन जातं.

समजा मशीनमध्ये वजाकर उलटं लिहिलं. मग याच केसमध्ये ध्येय उरेल: अर्थ ब − अर्थ अ = अर्थ अ − अर्थ ब. कुठलंही टॅक्टिक ते बंद करणार नाही. खिडकीत ते वाक्य बघितल्यावर चूक कुठंय हे विचारावं पण लागत नाही. फक्त बेरजेवर टेस्ट घेतल्या असत्या तर हे कधीच दिसलं नसतं, कारण बेरीज उलटीसुलटी कशीही केली तरी सारखीच.

पायरी ८: भाषेतल्या प्रोग्रामबद्दल पण सिद्ध करा, आणि विधानाकडे संशयाने बघा

कंपायलर बरोबर आहे, पण दराचं सूत्र लिहिणारा चुकला तर? म्हणून सूत्राबद्दल वेगळी प्रमेयं. सहज सुचतात ती दोन: उतारा वाढला तर दर कमी होत नाही, आणि दर कधीही ३२९०५० च्या खाली जात नाही. ओमेगा टॅक्टिक पूर्णांकांच्या अशा असमानता स्वतः सोडवतं, दोन्ही लगेच होतात.

आता लीनमधला मोठा सापळा. नैसर्गिक संख्यांच्या टाइपमध्ये, म्हणजे नॅटमध्ये, ९५० वजा १०२५ म्हणजे शून्य. ऋण आकडा तिथं नाहीच म्हणून वजाबाकी शून्यावर थांबते, एरर येत नाही. आता कुणी उताऱ्यासाठी इंट (ऋण आकडे पण घेणारा पूर्णांकांचा टाइप) न घेता नॅट घेतलं तर १०.२५ च्या खालच्या प्रत्येक उताऱ्याला दर ३५५००० येईल, सूत्र सरळ सरळ चुकलं. आणि वरची दोन्ही प्रमेयं तरीही सिद्ध होतात! दर कमी होत नाही, खरं. दर ३२९०५० च्या खाली जात नाही, ते पण खरं, कारण तो ३५५००० च्या खालीच जात नाही. लीन हिरवा टिक देतं आणि बिल चुकीचं निघतं.

ही चूक पकडतं फक्त तिसरं प्रमेय: उतारा ९५० असताना दर बरोबर ३२९०५०. तोच सरकारी आकडा जो आपण पायरी २ मध्ये जपून ठेवला. व्हेरिफिकेशनमध्ये मेहनत कुठं घालायची असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, पुरावा शोधायला मशीन मदत करतं, पण विधान पुरेसं घट्ट आहे का हे बघायला माणूसच लागतो. प्रत्येक प्रमेयाला एक प्रश्न विचारा: एखादा चुकीचा प्रोग्राम पण हे पास करेल का? मुद्दाम चुकीचा प्रोग्राम लिहून बघा. पास झाला तर अजून एक प्रमेय लागतंय.

असेच अजून दोन सापळे आहेत. लीनमध्ये शून्याने भागलं तर उत्तर शून्य येतं, एरर नाही. आपण नेहमी १००० ने भागतो म्हणून सुटलो, पण उद्या भाषेत मोकळा भागाकार घेतलात तर अर्थ फंक्शनला ऑप्शन करा. आणि ऋण आकड्याचा भागाकार: लीनमध्ये −७ भागिले २ म्हणजे −४, सी भाषेत −३. सोसायटीची वसुली बिलापेक्षा जास्त झाली की आकडा ऋण होतो आणि त्यावर टक्केवारी काढली तर हा फरक खऱ्या बिलात उतरतो.

काकांच्या प्रश्नाचं पण प्रमेय होतं. दोन खेपा वेगवेगळ्या राउंड करून मिळवल्या, आणि दोन्ही एकत्र करून एकदाच राउंड केलं, तर फरक जास्तीत जास्त १ पैसा. वीस खेपांना जास्तीत जास्त १० पैसे. आकडा लहान आहे, पण शेतकऱ्याचा आणि कारखान्याचा हिशोब पैशाने जुळला नाही की विश्वास उडतो, आणि "फरक यापेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि आहे तो राउंडिंगचा आहे" हे ठामपणे सांगता येणं याला किंमत आहे.

पायरी ९: ओव्हरफ्लो

लीनचा इंट कितीही मोठा होतो. खऱ्या मशीनचा होत नाही. वरच्या खेपेत ३९२०२२ × १७३८५ म्हणजे ६,८१,५३,०२,४७०, आणि ३२ बिटच्या साइन्ड इंटीजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. शेवटचं उत्तर आरामात मावतं, पण मधला गुणाकार फुटतो. एरियन ५ रॉकेट ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं ते असंच, ६४ बिटचा एक फ्लोट आकडा १६ बिटच्या साइन्ड इंटीजरमध्ये मावला नाही.

म्हणून मशीन ६४ बिटचं धरा आणि प्रमेयात अट घाला: दर आणि किलो दोन्ही शून्य ते १०० कोटीच्या आत असतील तर मधला कुठलाही आकडा मर्यादा ओलांडत नाही. १०० कोटीचा वर्ग १०^१८, ६४ बिटची मर्यादा साधारण ९.२ × १०^१८, जागा भरपूर आहे. आणि ही अट प्रोग्राम चालू होताना प्रत्यक्ष तपासा, नुसती प्रमेयात ठेवून उपयोग नाही.

पायरी १०: आता सिंटॅक्स

उतारा = ११.३२ टक्के
वजन = १७३८५ किलो
धरायचा = मोठा(उतारा, ९.५० टक्के)
दर = ३५५० रुपये दर टन + (धरायचा − १०.२५ टक्के) × ३४६
द्या दर × वजन

पार्सर व्हेरिफाय करणं कंटाळवाणं काम आहे, पण ते पूर्ण सोडू नका, कॉम्पसर्टचं वरचं उदाहरण आठवा, बग पुराव्याच्या बाहेर जाऊन बसतात. मधला मार्ग आहे: झाडापासून मजकूर छापणारं फंक्शन लिहा, आणि छापून परत पार्स केलं की तेच झाड येतं एवढं सिद्ध करा. यात पार्सरच्या सगळ्या चुका पकडल्या जात नाहीत, पण कंसांचा आणि क्रियांच्या अग्रक्रमाचा घोळ पकडला जातो आणि खरा त्रास तोच देतो. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे दोन्ही घ्या, इकडं लोक दोन्ही टाईप करतात.

पायरी ११: कशावर विश्वास ठेवलाय त्याची यादी

लीनमध्ये सॉरी नावाचा कीवर्ड आहे, पुरावा अर्धवट असला की तो टाकून पुढं जाता येतं. काम करताना तो बिनधास्त वापरा, पण शेवटी प्रत्येक मुख्य प्रमेयावर प्रिंट ॲक्सिअम्स ही कमांड चालवा. प्रॉपेक्स्ट, क्लासिकल चॉइस आणि कोशंट साउंड ही तीनच नावं दिसली तर ठीक, ही लीनची नेहमीची गृहीतकं आहेत. सॉरीॲक्स दिसलं की कुठंतरी भोक राहिलंय. नेटिव्ह डिसाइड वापरलं असेल तर लीनच्या कंपायलरवर पण विश्वास ठेवावा लागतो, त्यामुळं मुख्य पुराव्यात ते टाळा.

मग रीडमीमध्ये स्पष्ट लिहा: लीनचा कर्नेल, आपलं अर्थ फंक्शन, पार्सरचा न सिद्ध केलेला भाग, लीनपासून सी आणि सीपासून मशीन कोड करणारे कंपायलर, एवढ्यावर विश्वास ठेवलाय. ही यादी देणारा प्रोजेक्ट परीक्षकासमोर पण उठून दिसतो.

कारखान्याच्या सिस्टिममध्ये लीन चालवायला कुणी तयार होणार नाही, तिथं जावा किंवा तत्सम काहीतरी असतं. त्यावर ॲमेझॉनने सीडार या परवानग्यांच्या भाषेसाठी वापरलेली पद्धत चांगली आहे, २०२३ मध्ये त्यांनी ती भाषा ओपन सोर्स केली. प्रत्यक्ष वापराचं कोड रस्ट या भाषेत, व्याख्या आणि पुरावे लीनमध्ये, आणि दोन्हींना रँडम इनपुट देऊन उत्तरं सतत ताडून बघायची. आपल्याला पण तेच करता येतं. लीनचा अर्थ फंक्शन एका बाजूला, चालू सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला, आणि इनपुट निवडताना कडेचे आकडे मुद्दाम घाला: उतारा ९४९, ९५०, ९५१, १०२४, १०२५, वजन शून्य, वजन एक किलो, आणि बरोबर अर्धा पैसा येईल अशी खेप.

एवढं उभं राहिलं की पुढची फांदी घ्या उशिराच्या व्याजाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. इथं दिवस वजा १४ करताना शून्यावर थांबणारी वजाबाकीच हवी असते, तरी नॅटच्या भरवशावर राहू नका, इंट घेऊन मोठा(दिवस − १४, ०) असं उघड लिहा. आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरायचं का लीप वर्षात ३६६, हा प्रश्न कोड लिहिण्याआधी केन अकाउंटमधल्या माणसाला विचारून घ्या.